धुवायचं औषध

आमच्या घरात वास येतो हे मला पहिल्यांदा समोरच्या चाचीनं सांगितलं. साल १९६२. चऱ्होलीहून बाडबिस्तरा घेऊन आम्ही काळेवाडीत राहायला आलो त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. मी अकरा वर्षांची. पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, मध्ये बोळ, बोळाच्या पलीकडे दुसरी रांग. चाची अगदी आमच्या दारासमोर राहायची. तिचा नवरा मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि तिचं नाक सगळ्या बोळात प्रसिद्ध होतं. दूध नासणार आहे हे तिला इतरांच्या आधी कळायचं. पहिल्यांदा आमच्याकडे पिठाची चाळण मागायला आली आणि दारातच थबकली.

"तुमच्या घरात मीठा मीठा वास कशाचा येतो हो? दवाखान्यासारखा?"

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्हाला कसलाच वास येत नव्हता. आईनं कोपऱ्यातली रॉकेलची बाटली दाखवली. चाचीनं नाही अशी मान हलवली, चाळण घेतली आणि गेली. ती गेल्यावर आई म्हणाली, "हिचं नाक हाय का काय हाय?" आणि आम्ही दोघी हसलो.

तो वास दादांचा होता. दादा म्हणजे माझे वडील. चिंचवडच्या एका कारखान्यात ते धुलाई खात्यात होते. यंत्रांचे सुटे भाग तयार झाले की त्यांच्यावर तेल, ग्रीस आणि लोखंडाचा बारीक चुरा बसलेला असे. खात्यात एक लोखंडी टाकी होती. तिच्यात पाण्यासारखं दिसणारं काहीतरी भरलेलं असे. पार्ट त्यात बुडवायचा, हलवायचा, बाहेर काढायचा. बघता बघता कोरडा आणि लख्ख. त्या पातळ पदार्थाचं खरं नाव खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला धुवायचं औषध म्हणायचे, पुढे पुढे नुसतंच औषध.

दादांना त्या कामाचा फार अभिमान होता. आमचं घर दीक्षा घेतलेलं. गाव सोडून येण्यामागं काय काय होतं ते दादा फारसं बोलत नसत, पण जेवताना कधीतरी एक वाक्य हमखास यायचं. "गावात आमच्या हातचं पानी चालत न्हवतं. हितं मी धुतल्याबिगर पार्ट म्होरं जात न्हाई." हे म्हणताना ते आपले हात ताटावर जरा उचलून धरायचे. बोटांची कातडी पांढरी पडलेली, कोरडी, ठिकठिकाणी उललेली असायची. आई रोज संध्याकाळी त्या हातांना खोबरेल चोळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत हात घातला की ते खोबरेलही धुऊन निघायचं.

औषधाची एक छोटी बाटली ते घरीही ठेवायचे. माझ्या शाळेच्या स्कर्टवर सायकलच्या चेनचं ग्रीस लागलं की दादा फडक्यावर दोन थेंब घेऊन डाग घासायचे आणि डाग गेला की माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. रसायनशास्त्र घ्यायचं हे मी त्या दिवसांत ठरवलं असणार. निदान आता मला तसं वाटतं.

मी शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, आमच्या बोळातल्या सगळ्यांनी मिळून मला शिकवलं म्हटलं तरी चालेल. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पिंपरीतच एका खासगी ट्रस्टच्या प्रयोगशाळेत मला पीएच.डी.ला जागा मिळाली. प्रयोगशाळा कसली, हमरस्त्याच्या कडेला दोन शेड. एकीत यंत्रं, दुसरीत पांढरे उंदीर. माझे मार्गदर्शक सर वयस्क, तापट आणि अतिशय सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विषय दिला. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. श्वासातला ऑक्सिजन शेवटी जाऊन पोचतो तो त्यांच्यापाशी. तिथं त्याच्या मदतीनं ऊर्जा तयार होते. पण एखादं विष आत शिरलं की हाच ऑक्सिजन उलटतो आणि त्या कणांचं स्निग्ध आवरण खवट करतो, अगदी डब्यातलं तूप खवट व्हावं तसं. आज याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असं भारदस्त नाव आहे. तेव्हा आम्ही आवरण खराब झालं एवढंच म्हणायचो.

"विष म्हणून आपण कार्बन टेट वापरू," सर म्हणाले. "उंदराच्या लिव्हरवर लगेच दिसतं." आणि त्यांनी कपाटातली तपकिरी बाटली काढून माझ्यासमोर उघडली.

बाटलीतून वास आला. मला तो ओळखीचा वाटला. नुसता ओळखीचा नाही, बरा वाटला. क्षणभर मला खोबरेल लावलेले हात दिसले.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या क्षणी मला दादांची टाकी आठवली होती. पण मी स्वतःची समजूत घातली. असले पदार्थ डझनभर असतात, सगळ्यांचेच वास गोडसर, कारखान्यात नेमकं हेच असेल कशावरून? घरी जाऊन दादांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की तुमच्या पिंपावर काय लिहिलंय. मी विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करत दोन वर्षं गेली. उत्तर काय येईल ते मला माहीत होतं म्हणून मी विचारलं नाही. याला भित्रेपणा म्हणतात.

त्याऐवजी मी काळजी करू लागले. काळजी करण्यात मी आईच्याही वरताण आहे. लिव्हर बिघडलं की डोळे पिवळे होतात हे पुस्तकात वाचलं होतं, म्हणून रोज सकाळी दादा दारात उजेडाला चहा पीत बसले की मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या समोर जायची आणि डोळ्यांत बघायची. जेवताना त्यांच्या भाकऱ्या मोजायची. एक कमी खाल्ली की मी दुसरी वाढायला उठायची.

"काय बगती ग सारखी?" दादा म्हणायचे. "मोतीबिंदू न्हाई झाला अजून."

दिवसभर मी उंदरांची लिव्हरं कापायची. बर्फावर ठेवलेल्या साखरेच्या गार पाण्यात ती वाटायची, यंत्रात गरगर फिरवून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करायचे, मग त्यात एक रसायन घालून उकळायचं. आवरण खराब झालेलं असेल तर नळीत गुलाबी रंग चढतो. जितकी खराबी जास्त, तितका गुलाबी गडद. काही उंदरांना शेंगदाण्याच्या तेलातून कार्बन टेट द्यायचं, काहींना नुसतं तेल. नुसत्या तेलाचे ते कंट्रोल. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. कंट्रोलच्या नळ्या जवळपास पाण्यासारख्या दिसायच्या, विषाच्या नळ्या गुलाबाच्या सरबतासारख्या. पहिली दोन वर्षं सगळं असं छान, शिस्तीत चाललं होतं. संध्याकाळी त्या गुलाबी नळ्या धुताना मला दादांचा शर्ट आठवायचा, एवढंच.

तिसऱ्या हिवाळ्यात फार थंडी पडली. आमच्या उंदरांच्या शेडला वर पत्रा आणि बाजूला जाळी. दोन-तीन पिल्लं गारठून मेली. मी घरी येऊन हळहळले तर दादा म्हणाले, "त्यात काय, वेस्ट टाक की पिंजऱ्यात. गरम ऱ्हातंय." वेस्ट म्हणजे यंत्रं पुसायचा सुताचा गुंता. कारखान्यात वापरून झालेलं वेस्ट पोत्यांनी फेकून देत. दादांनी साहेबांची परवानगी घेतली आणि पुढच्या गुरुवारी झाकणाच्या मोठ्या डब्यात ते गच्च दाबून भरून, डबा सायकलला बांधून स्वतः प्रयोगशाळेत आले. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, कारण त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद. रविवार पुण्याच्या लोकांचा.

दादा प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केसांना तेल. सरांना नमस्कार करून ते उंदरांच्या शेडमध्ये गेले आणि प्रत्येक पिंजऱ्यात आपल्या हातानं वेस्ट पसरलं. ते पांढरंशुभ्र होतं, तेलाचा ठिपकासुद्धा नाही. उंदरांनी लगेच त्यात बिळं केली. दादा वाकून बघत राहिले.

"शास्त्रज्ञाच्या उंदरास्नी घान कसं घालायचं?" ते मला हळूच म्हणाले.

मग ते दर गुरुवारी येऊ लागले. जुनं वेस्ट काढायचं, नवं घालायचं. एकही पिल्लू त्यानंतर थंडीनं मेलं नाही.

आणि माझे कंट्रोल गुलाबी झाले.

पहिल्या दिवशी मला वाटलं नळी नीट धुतली नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं साखर खराब आली. मी साखर बदलली, पाणी पुन्हा पुन्हा उकळून घेतलं, काचेचं सामान आम्लात बुडवून ठेवलं, तेलाची नवी बाटली फोडली. कंट्रोल गुलाबीच. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमच्या सिरिंजा अदलाबदल होतायत." मी सिरिंजांना रंगीत दोरे बांधले. कंट्रोल गुलाबीच. आता सर माझ्याशी बोलेनासे झाले. माझ्या हाताला शिस्त नाही, दोन वर्षांचं कामही असंच केलं असणार, असं त्यांच्या मनात आलं असेल या विचारानं मला रडू यायचं. दादांनी आपलं सगळं आयुष्य पार्ट स्वच्छ करण्यात घालवलं आणि मला साधी परीक्षानळी स्वच्छ ठेवता येत नाही, असंही वाटायचं.

वहीत आकडे ओळीनं लिहून काढले तेव्हा एक गोष्ट दिसली. शुक्रवारी, शनिवारी रंग सगळ्यात गडद. बुधवारपर्यंत फिका होत होत जवळजवळ नाहीसा. शुक्रवारी पुन्हा गडद. मला हर्षच झाला. गुरुवार! गुरुवारी वीज नसते, फ्रीज बंद पडतो, साखरेचं पाणी कोमट होतं, रसायनं बिघडतात. सापडला चोर. पुढचे तीन आठवडे मी गुरुवारी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून फ्रीजमध्ये कोंबत होते. विजेच्या नावानं मनातल्या मनात लाखोली वाहत होते. दादाही त्याच दिवशी यायचे. वेस्ट बदलून झालं की लादी उचलायला हात लावायचे.

कंट्रोल गुलाबीच.

शेवटी एका शुक्रवारी सकाळी सर स्वतः उंदरांच्या शेडमध्ये गेले. सर सहसा तिकडे जात नसत, त्यांना उंदरांमुळं शिंका यायच्या. मी मागे उभी. त्यांनी कंट्रोलच्या पिंजऱ्यातून मूठभर वेस्ट काढलं, नाकापाशी नेलं आणि माझ्याकडे वळले.

"याला कार्बन टेटचा वास येतोय. तुम्हाला येत नाही?"

मी वेस्ट नाकाला लावलं. डोळे मिटून ओढून ओढून श्वास घेतला. मला काहीही आलं नाही. सुताचा, उंदराचा, बस्स. जो वास मी लहानपणापासून घरात घेतला, अंथरुणात घेतला, स्कर्टवर घेतला, तो वास म्हणून माझ्या नाकाला कळतच नव्हता. बाटलीतून भपकन आला तर कळायचा, एवढासा असला तर नाही. सर काहीतरी विचारत होते. मला ऐकू येत नव्हतं, कारण माझ्या मनात हिशेब सुरू झाला होता. सात दिवसांचं वेस्ट आणि उंदीर. चौदा-पंधरा वर्षांची टाकी आणि दादा.

पुढच्या गुरुवारी दादा डबा घेऊन आले. मी त्यांना शेडमध्ये जाऊ दिलं नाही, दारातच विचारलं, "दादा, हे वेस्ट तुम्ही धुऊन आणता?"

"मंग? धुतल्याबिगर आनीन व्हय?" दादा खूश झाले. "वापरलेल्या वेस्टला तेल असतंय. म्हनून बुधवारी शिफ्ट सुटली की औषधात दोनदा बुडवतो, पिळतो, आनि लगीच डब्यात दाबून झाकन लावतो. वाळत घातलं तर धूळ बसंल."

"हातानं पिळता?"

"हातानं न्हाई तर काय पायानं?"

मी त्यांना आत नेलं. त्या दिवशी वीज नव्हती, खिडकीच्या उजेडात मी नळ्या ओळीनं लावल्या. ही वेस्टशिवाय नुसत्या राहिलेल्या उंदराची, दादा. ही आम्ही मुद्दाम विष दिलं त्याची. आणि ही तुमच्या वेस्टवर झोपलेल्याची. तिसरी नळी दुसरीइतकी गडद नव्हती, पण तिला पाण्यासारखी म्हणणं शक्य नव्हतं. मला सांगायचं होतं त्यातलं निम्मंच सांगता आलं. मायटोकॉन्ड्रिया काय, ऑक्सिजन काय, ते सगळं बाजूला राहिलं. एवढंच म्हणाले की तुम्ही ज्याला औषध म्हणता ना, तेच आम्ही इथं विष म्हणून देतो.

दादांनी तिसरी नळी उचलली आणि बराच वेळ उजेडाकडे धरली. पार्ट तपासताना ते असेच धरायचे.

"मी तर स्वच्छ करून आनलं व्हतं," ते म्हणाले.

मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं. ज्या माणसाच्या हातचं पाणी गावानं घेतलं नाही, त्याला त्याच्या मुलीनंच सांगितलं होतं की तुमच्या हातनं घाण झाली. तसं माझ्या मनात नव्हतं, शब्दही तसे नव्हते, पण त्यांना ऐकू तसंच गेलं असणार. मी रडायला लागले. दादांनी नळी जागेवर ठेवली आणि विचारलं, "उंदरास्नी लई त्रास झाला का ग?"

"उंदरांचं सोडा दादा," मी ओरडलेच. "तुमचं काय? तुमचं काय?"

"मला काय झालंय? ठनठनीत हाय मी."

पण त्यांनी बाही वर केली. मी स्वतः त्यांचं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर त्यात लिव्हरची तपासणी केली. लिव्हरच्या पेशी फुटल्या की आतला ऐवज रक्तात उतरतो, तो मोजायचा. रोज करत होते तेच काम, पण त्या दिवशी पिपेट तीनदा भरावं लागलं. आकडा मोठा आला. पुन्हा केलं, पुन्हा तोच. डॉक्टरांनी बघून सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, लिव्हर सावरतं, पण एकच अट, त्या टाकीपासून कायमचं लांब राहायचं.

दादा तयार होणार नाहीत अशी माझी खात्री होती. भांडायची सगळी वाक्यं मी जमवून ठेवली होती. पण ते एका शब्दानं हो म्हणाले. कारखान्यात अर्ज दिला आणि महिन्याभरात हत्यारांच्या स्टोअरला गेले. काउंटरमागं बसायचं, पाने-ड्रिल मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. त्यांच्या हातांची कातडी हळूहळू माणसांसारखी झाली. जेवताना ते पाण्याचं वाक्य मात्र त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. मी वाट बघायची.

सरांनी खराब झालेली आकडेवारी मला फेकू दिली नाही. "विष टोचून लिव्हर बिघडतं हे शंभर जणांनी दाखवलंय," ते म्हणाले. "नुसतं त्याच्या वासात झोपून काय होतं, हे तुमच्या वडिलांच्या उंदरांनी दाखवलं. हाच तुमचा प्रबंध." रोजच्या, न जाणवणाऱ्या, थोड्याशा वाफेनं मायटोकॉन्ड्रिया कसे झिजतात हा माझा विषय झाला आणि पुढे आयुष्यभर तोच राहिला. प्रबंध बांधून आला तेव्हा दादांनी तो मांडीवर घेतला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि विचारलं, "ह्यात माजे उंदीर कुठं हायत?" मी पान काढून दिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. रकान्यातल्या आकड्यांवर बोट ठेवून ते बसून राहिले.

दर दोन महिन्यांनी, गुरुवारी, मी त्यांचं रक्त काढायची. आकडा उतरत गेला. आई म्हणाली, आता तरी हसत जा. १९८० उजाडेपर्यंत तो जवळजवळ माझ्या-तुमच्यासारखा झाला होता. आणि मग एका खेपेला तो चढला. फार नाही, पण चढला. मी पुन्हा केला. चढलेलाच.

"टाकीकडं जाता का?" मी विचारलं.

"न्हाई ग," दादा म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

पुढच्या खेपेला आणखी थोडा वर. आता माझी झोप उडाली. ते अंघोळीला गेले की मी खुंटीवरचा शर्ट काढून नाकाला लावायची. काखेत, बाहीला, कॉलरला. माझ्या नाकाला काहीच कळायचं नाही. प्रयोगशाळेत मी थेंबाचा हजारावा भाग मोजू शकत होते आणि आपल्या बापाच्या शर्टाला वास येतो की नाही हे मला सांगता येत नव्हतं. आईला विचारून उपयोग नव्हता, तिचं नाक माझंच. शेवटी एका संध्याकाळी, दादा यायच्या आधी, मी त्यांचा आदल्या दिवशीचा शर्ट पदराखाली घेतला आणि बोळ ओलांडून चाचीकडे गेले. अठरा वर्षांपूर्वी आम्ही जिच्या नाकाला हसलो होतो, तिच्याकडे.

चाची आता म्हातारी झाली होती. तांदूळ निवडत होती. मी शर्ट पुढे केला. "चाची, जरा वास घेऊन बघ ना. तो येतो का?"

चाचीनं शर्टाला हातसुद्धा लावला नाही.

"अगं, कालचा तर मी कालच बघितला," ती म्हणाली. "तुझे दादा रोज येतात ना माझ्याकडं. घरी जायच्या आधी. 'भाभी, बघा वास येतोय का,' म्हणतात आणि बाही पुढं करतात. त्यांना स्वतःला कुठं कळतो?"

"मग? येतो?"

"बहुतेक करून न्हाई येत. मग जातात घरी. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी शर्ट काढून ह्या दोरीवर टाकतात आणि बनियनवर ओट्यावर बसतात. मी चाय देते. वास उडला की पुन्हा मला विचारतात, मग शर्ट घालून घरी. तुझ्या आईला वाटतं नुसते चायला बसतात. तुला नको सांगू म्हणाले. तू लई फिकीर करते म्हणून."

"कधीपासून चाची?"

"वासाचे दिवस म्हणशील तर आता पाच-सहा महिने. त्याच्या आधी सगळे दिवस चांगले होते."

मी ओट्यावर बसले. मनात नुसता राग होता. दहाएक मिनिटांनी बोळाच्या तोंडाशी दादांची सायकल वाजली. मान खाली घालून ते सायकल ढकलत आले, भिंतीला लावली आणि सवयीनं उजवी बाही दाराकडे पुढे केली. मग त्यांना मी दिसले. हात तसाच राहिला.

"मला नाही कळत दादा," मी म्हणाले. "चाचीलाच विचारा."

चाचीनं वाकून बाहीचा वास घेतला आणि दोरीकडे बोट दाखवलं. दादांनी गुंड्या सोडल्या, शर्ट काढला, झटकला आणि दोरीवर टाकला. माझ्या शेजारी येऊन बसले.

"का गेलात?" मी विचारलं. "सगळं माहीत असून का गेलात?"

"खात्यात नवी मानसं घेतलीत," दादा म्हणाले. "मोप लांबून आलेली, मराठवाड्याकडची, कुनी कोकनातली. कोपरापतुर हात घालत्यात टाकीत. औषधच म्हनत्यात अजून. मी जाऊन सांगतो, चिमटा वापरा, वाऱ्याच्या बाजूला ऱ्हावा, झाकन लावा. एकदा सांगून ऐकत न्हाईत. कामाला गडबड असती. मंग थांबावं लागतंय थोडं, करून दाखवावं लागतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला तू नळ्या दावल्यास. त्यास्नी कोन दावनार?"

मी बघत राहिले त्यांच्या हातांकडे. उजव्या हाताची बोटं पुन्हा पांढरी पडू लागली होती. हे मला आधी कसं दिसलं नाही? मी डोळे बघत होते, भाकऱ्या मोजत होते आणि हात बघायचे राहून गेले होते. तो हात मी माझ्या मांडीवर घेतला.

"गुरुवारी तुम्ही रक्त द्यायला या," मी म्हणाले. "आणि त्या माणसांनाही घेऊन या. नळ्या मी दाखवते. तुम्ही टाकीपाशी जायचं नाही."

"समदी न्हाई येनार."

"येतील तेवढी आणा."

"आनतो," दादा म्हणाले.

चाचीनं तीन कप चहा आणला. आमच्या दारात आई उभी राहून बघत होती, तिला काही कळत नव्हतं. चहा संपल्यावर दादा उठले, दोरीवरच्या शर्टाची बाही चाचीपुढे धरली. चाचीनं वास घेतला.

"अजून येतोय," ती म्हणाली.

दादा परत येऊन माझ्याजवळ बसले.